नवे स्पीकर, जुन्या तारा : मोटारीतील आवाजाचा बिघाड नेमका शोधावा कसा?

बेंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगरात संध्याकाळी शंभर फुटी रस्त्यावर वाहनांची रांग लागली, की मोटारीतील संगीत हाच अनेकांचा विरंगुळा असतो. टॉमटॉम या कंपनीच्या वाहतूक निर्देशांकानुसार २०२३ साली बेंगळुरूच्या मध्यवर्ती भागात दहा किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होती. जगभरातील शहरांच्या त्या यादीत बेंगळुरू सहाव्या, तर पुणे सातव्या क्रमांकावर होते. इतका वेळ मोटारीत घालवावा लागत असेल, तर कंपनीने दिलेल्या साध्या स्पीकरऐवजी चांगले स्पीकर बसवावेत, असे वाहनमालकाला वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र नवे स्पीकर बसवल्यानंतर अनेकांच्या पदरी निराशा येते. एका दारातून आवाजच येत नाही, खर्ज गायब होतो, इंजिनाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येते किंवा दोन दिवस उभी राहिलेली मोटार सुरूच होत नाही. अशा वेळी पहिला संशय स्पीकरवर घेतला जातो. तो बदलला जातो, त्यानंतर स्टिरिओ बदलला जातो, अखेरीस अॅम्प्लिफायरही नवा येतो. खर्च वाढतो, दुकानदार आणि ग्राहक यांच्यात वाद होतो आणि बिघाड मात्र कायम राहतो.

याचे कारण साधे आहे. स्टिरिओपासून स्पीकरपर्यंतच्या मार्गात तारा, जोड, अर्थिंग आणि खुद्द मोटारीचे दार असे अनेक टप्पे असतात. नव्या जोडणीत काम झालेले असते ते याच टप्प्यांवर, आणि म्हणून दोषही बहुधा तेथेच असतो. तो शोधण्याची पद्धत ठरलेली आहे : सुटे भाग बदलण्यापूर्वी त्यांची अदलाबदल करावी आणि दोष आपली जागा बदलतो का, ते पाहावे.

रेडिओपासून सुरुवात

मोटारीत आवाज आणणे हे पहिल्यापासूनच कटकटीचे काम आहे. अमेरिकेतील गॅल्व्हिन बंधूंच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीतील रेडिओ बाजारात आणला. इंजिनातील ठिणग्यांमुळे रेडिओत होणारी खरखर थांबवणे, ही त्या काळातील मोठी अडचण होती. युरोपात ब्लाउपुंक्ट कंपनीने १९३२ साली असा रेडिओ तयार केला. भारतात देशातील पहिले खासगी एफएम केंद्र जुलै २००१ मध्ये बेंगळुरूमध्येच सुरू झाले. एफएमच्या स्वच्छ आवाजामुळे मोटारीतील संगीताची गोडी वाढली. आता गाणी मोबाइलवरून येतात; पण विजेचा मार्ग तोच राहिला आहे. बॅटरीतून स्टिरिओला वीज मिळते आणि स्टिरिओतून प्रत्येक स्पीकरकडे दोन तारा जातात.

बाहेरून घेतलेल्या बहुतेक स्टिरिओंच्या तारांचे रंग ठरलेले असतात. पिवळी तार बॅटरीला कायम जोडलेली असते, लाल तारेत चावी फिरवल्यावरच वीज येते आणि काळी तार अर्थिंगची असते. स्पीकरसाठी पांढरी तार पुढील डावीकडची, करडी पुढील उजवीकडची, हिरवी मागील डावीकडची आणि जांभळी मागील उजवीकडची असते. त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार ऋण टोकाची समजावी. मोटारीच्या मूळ तारांना मात्र हा संकेत लागू होत नाही. प्रत्येक उत्पादकाचे रंग वेगळे असतात. त्यामुळे ‘रंगाला रंग’ जुळवून केलेली जोडणी हमखास फसते. त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा पाहणे किंवा तयार कपलर वापरणे हाच योग्य मार्ग होय.

एका दारातून आवाज येत नसेल तर

प्रथम स्टिरिओवरील बॅलन्स आणि फेडर यांच्या साहाय्याने नेमका कोणता स्पीकर मुका आहे, ते निश्चित करावे. समजा, पुढील डाव्या दाराचा स्पीकर बंद आहे. स्टिरिओ बंद करून त्याच्या मागील बाजूस पुढील डाव्या आणि पुढील उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी आणि स्टिरिओ पुन्हा सुरू करावा. आता उजवे दार मुके झाले, तर दोष स्टिरिओच्या डाव्या बाजूच्या निर्गमात आहे. डावे दारच मुके राहिले, तर स्टिरिओ निर्दोष आहे. दोष तारेत किंवा स्पीकरमध्ये आहे.

त्यापुढची पायरीही याच स्वरूपाची आहे. डाव्या दारातील तारांना चालू असलेला दुसरा स्पीकर जोडून पाहावा. तो वाजला, तर आधीचा स्पीकर निकामी आहे. तोही वाजला नाही, तर तार तुटलेली आहे. दार आणि मोटारीचा सांगाडा यांच्यामध्ये तारा रबरी नळीतून जातात. दार उघडताना आणि मिटताना त्या तेथे रोज वाकतात. जुन्या मोटारीत तार याच ठिकाणी आतून तुटण्याची शक्यता अधिक असते. वरचे आवरण मात्र अखंड दिसते.

मल्टिमीटर असल्यास काम आणखी सोपे होते. तारा सोडवून स्पीकरच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण तीन ते चार ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतील वेटोळे तुटले आहे. शून्याच्या जवळ आकडा येत असेल, तर वेटोळे आपसात चिकटले आहे. त्याचप्रमाणे स्पीकरची कोणतीही तार आणि मोटारीचा पत्रा यांच्यात जोड दिसता कामा नये. दाराच्या स्क्रूखाली तार चेपली गेल्यास असा जोड निर्माण होतो आणि स्टिरिओ स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. आधुनिक स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारांमधून संदेश जातो. ऋण तार म्हणजे अर्थिंग नव्हे. सर्व ऋण तारा एकत्र करून पत्र्याला जोडण्याची जुनी पद्धत आज स्टिरिओ जाळू शकते.

आवाज आहे, पण खर्ज नाही

हा बिघाड सर्वांत फसवा असतो, कारण सर्व स्पीकर वाजत असतात. धन आणि ऋण तारा एका दारात सरळ आणि दुसऱ्या दारात उलट जोडल्या गेल्या, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघांनी निर्माण केलेल्या खर्जाच्या लहरी परस्परांना मारक ठरतात. तबल्याचा डग्गा ऐकू येत नाही आणि गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी विखुरल्यासारखा वाटतो.

याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. बॅलन्स पूर्णपणे एका बाजूला न्यावा. एकच बाजू वाजत असताना खर्ज वाढल्यासारखा वाटला आणि दोन्ही बाजू सुरू करताच तो कमी झाला, तर एका स्पीकरची जोडणी उलटी आहे. खात्रीसाठी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल उपयोगी पडतो. स्टिरिओपासून सोडवलेल्या तारांना सेलची टोके क्षणभर टेकवावीत. धनाला धन जुळले असेल, तर स्पीकरचा पडदा बाहेर येतो. आत गेला, तर तारा उलट आहेत. तार आवाजाचा लहान ट्वीटर मात्र अशा पद्धतीने तपासू नये. त्याच्यासोबतचा कपॅसिटर सेलची वीज अडवतो आणि परीक्षा निरर्थक ठरते.

जोडणी योग्य असूनही खर्ज कमी असेल, तर दाराकडे पाहावे. स्पीकरचा पडदा पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला एकाच वेळी लहरी निर्माण करतो आणि त्या परस्परविरोधी असतात. स्पीकर आणि पत्रा यांच्यात फट राहिली, तर मागील लहरी पुढे येऊन खर्ज नाहीसा करतात. स्पीकर भक्कम कड्यावर घट्ट बसवून भोवती फोमची पट्टी लावल्यास महागड्या उपकरणाविनाच मोठा फरक पडतो. दारातील बरीचशी खडखड स्पीकरची नसते. ती पॅनेलच्या तुटलेल्या क्लिपांची किंवा दाराच्या आत लोंबकळणाऱ्या तारांची असते. गाणे सुरू असताना पॅनेल हाताने दाबून पाहावे. खडखड थांबली, तर दोष कोठे आहे ते कळते.

इंजिनाबरोबर चढणारी शीळ

इंजिनाची गती वाढवली की शिळेचा सूरही चढतो, गती कमी केली की उतरतो. ही शीळ अल्टरनेटरची असते. अल्टरनेटरने निर्माण केलेली वीज एकदिश केली, तरी तिच्यात बारीक तरंग उरतात. स्टिरिओ आणि अॅम्प्लिफायर यांचे अर्थिंग मोटारीच्या पत्र्यावर दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिलेले असेल, तर त्या दोन ठिकाणांच्या दाबात किंचित फरक पडतो. दोघांना जोडणाऱ्या संदेशाच्या तारेतून तो फरक वाहू लागतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो.

येथेही दोषाची जागा शोधणे महत्त्वाचे आहे. मोबाइलचा चार्जर काढून पाहावा. शीळ थांबली, तर पुढे काही करण्याची गरज नाही. ती थांबली नाही, तर यंत्रणा बंद करून अॅम्प्लिफायरमध्ये येणाऱ्या संदेशाच्या तारा काढाव्यात आणि यंत्रणा पुन्हा सुरू करावी. शीळ गेली, तर दोष स्टिरिओच्या किंवा त्या तारांच्या बाजूला आहे. ती कायम असेल, तर अॅम्प्लिफायरची वीज किंवा अर्थिंग तपासावे. अर्थिंगच्या जागेवरील रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट घट्ट आवळावा, अर्थिंगची तार शक्य तितकी आखूड ठेवावी आणि विजेची जाड तार मोटारीच्या एका कडेने, तर संदेशाच्या तारा दुसऱ्या कडेने न्याव्यात. शीळ थांबवणारा फिल्टर हा अखेरचा उपाय असावा. तो मूळ दोष दूर करत नाही, केवळ झाकतो.

‘पन्नास वॅट’चा अर्थ

आवाज मोठा केला की फाटतो, किंवा काही मिनिटांनी स्टिरिओ गप्प होतो, अशीही तक्रार असते. ती समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. अनेक स्टिरिओंवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते. इंजिन सुरू असताना मोटारीतील विद्युतदाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. या आकड्याचा वर्ग करून चार ओहमने भागले, तर सुमारे ५२ वॅट हे उत्तर येते. पण हा आकडा आवाज पूर्णपणे फाटलेला असतानाचा आहे. शुद्ध स्वरासाठी सैद्धांतिक मर्यादा त्याच्या निम्मी, म्हणजे जवळपास २६ वॅट भरते आणि प्रत्यक्षात मिळते ती २० वॅटच्या आसपास. त्यापुढे आवाजाची कळ फिरवली, की लहरींचे माथे छाटले जातात. ऐकणाऱ्याला तो फाटका आवाज वाटतो. ट्वीटरच्या नाजूक वेटोळ्याला मात्र त्याची झळ बसते.

एकाच निर्गमाला चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर एकूण रोध दोन ओहम होतो. चार ओहमसाठी बनवलेल्या स्टिरिओवर त्यामुळे दुप्पट भार पडतो, तो तापतो आणि बंद होतो. थंड झाल्यावर तो पुन्हा सुरू होत असल्याने दोष स्टिरिओचा वाटतो. वस्तुतः तो जोडणीचा असतो.

स्वतंत्र अॅम्प्लिफायर असल्यास त्याच्यावरील ‘गेन’ ही आवाज वाढवण्याची कळ नव्हे, हे ध्यानात ठेवावे. गेन किमान ठेवून, खर्ज वाढवणाऱ्या सर्व सोयी बंद करून, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशापर्यंत न्यावा. त्यानंतर गेन हळूहळू वाढवावा आणि आवाज फाटू लागताच किंचित मागे घ्यावा. शक्ती दुप्पट केली, तरी ध्वनिपातळी केवळ तीन डेसिबलने वाढते. त्यामुळे अधिक वॅटच्या मागे धावण्यापेक्षा आहे ती जोडणी सुधारणे स्वस्त पडते.

उभ्या मोटारीची उतरलेली बॅटरी

ऑक्टोबर २०११ मध्ये बेंगळुरू मेट्रोचा बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता हा पहिला टप्पा सुरू झाला आणि इंदिरानगरला स्वतःचे स्थानक मिळाले. मेट्रोने कामावर जाणाऱ्यांची मोटार आठवडाभर घरासमोर उभी राहू शकते. सदोष जोडणीचा हिशेब अशाच मोटारीत चुकता होतो.

अॅम्प्लिफायरला ‘सुरू हो’ असा इशारा देणारी निळी-पांढरी तार स्टिरिओला जोडण्याऐवजी कायम वीज असलेल्या तारेला जोडली, तर चावी काढल्यावरही अॅम्प्लिफायर जागाच राहतो. तो ३०० मिलिअँपिअर वीज खात असेल, तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास खर्ची पडतात. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांच्या आत पूर्ण रिकामी होते. इंजिन सुरू करण्याची तिची ताकद त्याहून बरीच आधी संपते. सर्व काही बंद असताना मोटारीने काही दहा मिलिअँपिअरच वीज घ्यावी. मोजणी त्याहून बरीच अधिक निघाली, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजमुळे आकडा घसरतो, त्या मार्गावर दोष असतो. याउलट प्रत्येक वेळी स्टिरिओतील घड्याळ आणि जतन केलेली केंद्रे पुसली जात असतील, तर पिवळ्या आणि लाल तारेची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते.

जिथे हलगर्जी चालत नाही

वरील बिघाड त्रासदायक आहेत. पण काही चुका धोकादायक ठरतात. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या जाड तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ, साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत, फ्यूज असलाच पाहिजे. अॅम्प्लिफायरवरील फ्यूज केवळ अॅम्प्लिफायरला वाचवतो. मधली तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली, तर तिला वाचवणारे काहीच नसते. बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह ओतते, तार लाल होते आणि मोटार पेट घेऊ शकते. पत्र्याच्या छिद्रातून तार नेताना रबरी कडे बसवणे याच कारणासाठी अत्यावश्यक आहे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. परंतु तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्याने ती अधिक जाड घ्यावी लागते.

दुसरी सावधगिरी एअरबॅगची. भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग अनिवार्य झाली. तिच्या तारांवर बहुधा पिवळे आवरण किंवा पिवळा कपलर असतो. स्टिरिओच्या पिवळ्या तारेशी त्यांची गल्लत कदापि होऊ नये आणि त्यांना मल्टिमीटर लावू नये. काही मोटारींत बाजूच्या धडकेची जाणीव होण्यासाठी दारात दाबमापक असतो. अशा दाराला नवी छिद्रे पाडण्यापूर्वी उत्पादकाची पुस्तिका पाहावी. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. पावसाचे पाणी खिडकीच्या काचेवरून दारात उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते, अशी प्रत्येक दाराची रचना असते. पॅनेलमागील प्लॅस्टिकचा पडदा ते पाणी आत येऊ देत नाही. स्पीकर बसवताना हा पडदा फाडून तसाच सोडला किंवा आवाजरोधक पट्ट्यांनी तळाची छिद्रे बुजवली, तर पाणी गालिच्यात उतरते, स्पीकर भिजतो आणि दार आतून गंजते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्यानंतरच्या परतीच्या सरी अशा दोन्ही पावसांत भिजणाऱ्या बेंगळुरूइतकीच ही खबरदारी मुंबई आणि कोकणातही महत्त्वाची आहे. पॅनेल लावण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून ती स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही, याचीही खात्री करावी.

कान आणि शेजार

इंदिरानगर ही मूळची निवासी वसाहत. आज तेथे घरांच्या शेजारीच उपाहारगृहे आणि पब आहेत आणि रात्रीच्या गोंगाटाबद्दल रहिवाशांनी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बंद काचांमागील खर्जही रस्त्यापलीकडच्या घरात पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलसाठी ही मर्यादा अवघ्या चार तासांवर येते. रोज दीड-दोन तास मोटारीत बसणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवावा.

दुकानातून निघण्यापूर्वी

मोटारीच्या सुट्या भागांसाठी बेंगळुरूत जे. सी. रोड, तर पुण्यात नाना पेठ प्रसिद्ध आहे. काम कोठेही करून घेतले, तरी ताबा घेण्यापूर्वी काही गोष्टी दुकानातच पाहाव्यात. बॅलन्स आणि फेडर फिरवून चारही स्पीकर स्वतंत्रपणे ऐकावेत. इंजिन सुरू करून, गती वाढवून, आवाज अगदी कमी ठेवून शीळ येते का, ते पाहावे. चारही काचा वर-खाली करून पाहाव्यात. फ्यूजची जागा दाखवण्यास सांगावे. तारांचे जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेले नसून डाग देऊन किंवा कपलरने पक्के केलेले आहेत, याची खात्री करावी. बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांसाठी विमा पॉलिसीत स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते. त्यासाठी बिल जपून ठेवावे आणि विमा कंपनीला तशी माहिती द्यावी.

बेंगळुरूहून सणासुदीला पुण्याकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांना सुमारे ८४० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. धारवाडच्या पुढे स्टिरिओ गप्प झाला, तर गैरसोयच होते. पण वाटेत बॅटरी उतरली किंवा तार तापली, तर प्रवासच अडतो. म्हणून तपासणी निघण्याच्या आदल्या आठवड्यात, घराजवळ करावी. काही शे रुपयांचा मल्टिमीटर, एक पेन्सिल सेल आणि तासभराची सवड त्यासाठी पुरेशी असते.

आणखी एक गोष्ट दुकानात विसरू नये, ती म्हणजे काढलेले मूळ स्पीकर परत मागून घ्यावेत. मोटार विकताना ते उपयोगी पडतातच. शिवाय पुढे कधी एखादे दार मुके झाले, तर त्या तारांना जोडून पाहण्यासाठी, चालू असल्याची खात्री असलेला एक स्पीकर घरात तयार असतो.